हिरवा चुडा आणि दोन नाके

सोलापूर

सोलापूरहून मुरूमला जाणं म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत मी मोटारीत खिडकीशी पेंगायला लागायची आणि नीट जाग यायच्या आत गंगाआत्याच्या दारात असायची. त्यामुळं यंदा चैत्रात तिकडं जाऊन आले त्याचं वर्णन लिहा म्हणून मी शिकवते त्या शाळेतल्या मोठ्या बाई मागं लागल्या तेव्हा मला हसूच आलं. पण आमच्या पेठेतून हल्ली तिकडं कुणी जात नाही. जे येतात ते तिकडून इकडं, डोक्यावर बोचकं घेऊन. आणि वर्तमानपत्रं उठल्यासुटल्या 'सरहद्द, सरहद्द' करतात. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दर चार ओळींनी उठतेच आहे. माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझे वडील, दादा, म्हणतात ते काही खोटं नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुरूम निजामाच्या राज्यात, सोलापूर हिंदुस्थानात. इंग्रज गेला आणि रोजची बाजाराची वाट दोन देशांमधली वाट होऊन बसली. गेल्या हिवाळ्यात दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात करार झाला. नाव 'जैसे थे'. वर्षभर सगळं पूर्वी चालत होतं तसंच चालू द्यायचं. वर्गात मुलींना मी हा करार फळ्यावर लिहून समजावला होता, आणि नाव किती सोपं आहे म्हणून मुली खूश झाल्या होत्या. मग तिकडं आपला रुपया चालेनासा झाला, तिकडचं सोनं बाहेर यायचं बंद झालं, इकडून मीठ, रॉकेल, कापड जायचं बंद झालं. करार आधी तू मोडलास, नाही तू मोडलास, अशी भांडणं सुरू झाली. आमच्या घरी कपबशी फुटली की असंच होतं.

गंगाआत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. थोडी जमीन, एकुलती एक मुलगी महादेवी. महादेवीचं लग्न आळंदच्या स्थळाशी ठरलं, तिथीही धरली, आणि मग लक्षात आलं की मुरूमच्या बाजारात ना लग्नाचं लुगडं मिळतंय, ना हिरव्या बांगड्या. बांगड्यांचा माल तिथं सोलापुरातूनच जायचा. तो थांबला होता. चुड्याशिवाय मुलगी बोहल्यावर कशी उभी करायची? म्हणून आत्या स्वतःच निघाली. तिचं शेत वाट्यानं करणारे भीमण्णा बैलगाडी घेऊन बरोबर आले, कारण मोटारींचा भरवसा राहिला नव्हता.

आत्या माझ्याशी बोलताना मराठीतून कानडीत कधी जाते ते तिलाही कळत नाही. बांगड्यांच्या दुकानात तिनं पदराच्या गाठीतून महादेवीची एक जुनी बांगडी काढली, मापाची. दुकानदारानं हिरव्या बांगड्यांच्या राशीतून बरोबर तशाच निवडून सुतळीत ओवून दिल्या. "लई बारीक हात हाय पोरीचा," आत्या म्हणाली. "माझ्यावानी." मग माझ्या पंजाकडं बघून हसली. माझे पंजे दादांवर गेलेत. शाळेत मुली पाठीमागं त्यांना काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

दादा मला सोडायला तयार नव्हते. तिकडं खेड्यांत काय चाललंय ते येणाऱ्यांच्या तोंडून ऐकत होतोच आम्ही. पण आत्यानं एकटीनं परत जावं हेही त्यांना पटेना, आणि मी तर पिशवी भरून दारात उभीच होते. शेवटी ते म्हणाले, "जा. पण तिथं कुणाला कायदा शिकवू नकोस."

कापड अडवतात, पण अंगावरचं सोडतात, एवढं पेठेत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून लग्नाचं लुगडं मी आत नेसले आणि वरून माझं नेहमीचं. चैत्रातलं ऊन आणि दोन नऊवाऱ्या! गाडीत बसल्या बसल्या मला उकडलेल्या कणसासारखं झालं. भीमण्णांची युक्ती याहून वरची. त्यांनी आपलं काळं घोंगडं मिठाच्या दाट पाण्यात भिजवून, वाळवून, पुन्हा भिजवून, असं आमच्या परसात करून ठेवलं होतं. वाळल्यावर ते पत्र्यासारखं ताठ झालं. "मुरुमात गेलो की कोपरा कोपरा उकळायचा," ते म्हणाले. "वरीसभर पुरंल."

बांगड्यांचं मात्र कुणी काहीच केलं नाही. काचेच्या बांगड्या कोण कशाला अडवतंय? त्या गाठोड्यात, मऊ लुगड्यात गुंडाळून ठेवल्या.

नाका

बोरामणी मागं पडली की रस्ता उघड्या माळावरून जातो. ज्वारी काढून झालेली, नुसती धसकटं. वारा सुटला की माती डोळ्यांत. मी दर थोड्या वेळानं गाडीतून उतरून चालायची, मग लुगड्यांच्या ओझ्यानं पुन्हा चढायची. भीमण्णा म्हणाले, "अक्का, तुमच्या भाचीला बैलासंगं जुंपू का? तेवढीच गाडी लौकर जाईल."

आपल्या बाजूचा नाका म्हणजे रस्त्यात आडवा टाकलेला बांबू, एक तंबू, एक टेबल. टेबलामागं खाकी कपड्यातला तरुण अंमलदार, बोलण्यावरून साताऱ्याकडचा. त्यानं गाठोडं उघडलं आणि बांगड्यांवर हात ठेवला.

"हे जाणार नाही."

"अहो, बांगड्या आहेत," मी म्हटलं.

"दिसतंय. परवाना नाही. विनापरवाना कुठलाही माल जाणार नाही."

मग दादांनी सांगितलेलं मी विसरले. म्हटलं, "करार जैसे थे झालाय ना? गेल्या वर्षी बांगड्या जात होत्या ना? मग जैसे थे म्हणजे यंदाही जायला हव्यात. बांगड्यांनी काय लढाई होणार आहे?"

तो चिडला नाही, याचाच मला जास्त राग आला. म्हणाला, "ताई, करार दिल्लीत झाला. मला हुकूम सोलापुरातून येतो. हुकमात बांगड्या सोडा असं लिहिलेलं नाही."

"अडवा असं तरी लिहिलंय का?"

"तेही नाही. म्हणून तर अडवतोय." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "अंगावरचं आम्ही बघत नाही. तिकडं लिंबाखाली जाऊन या."

रस्त्याच्या कडेला लिंबाची दोन-तीन झाडं होती. तिथं अख्खा बाजार भरला होता. निजामाच्या हद्दीतल्या खेड्यांमधून बाया चालत आल्या होत्या, सोलापूरचे दोन बांगडीवाले पेट्या मांडून बसले होते, आणि बाया कोपरापर्यंत बांगड्या भरून घेत होत्या. कुणी स्वतःसाठी, कुणी जावेसाठी, कुणी शेजारणीसाठी. एकीचे हात तर उचलत नव्हते. दुसरीकडं एक म्हातारा एकावर एक तीन सदरे घालून घाम पुसत होता. नाकेबंदीनं व्यापार थांबतो असं मी फळ्यावर लिहिलं असतं. इथं तो माणसांच्या अंगावर चढून चालला होता.

मी बांगडीवाल्यापुढं बसकण मारली आणि हात पुढं केला. त्यानं माझा पंजा बघितला, मापाची बांगडी बघितली आणि कपाळाला हात लावला. तरी दाबून बघितलं. एक वाढली. दुसऱ्या हाताची एक वाढली. (ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांना सांगते, बांगडी फुटली असं आमच्याकडं म्हणत नाहीत.) अंगठ्याच्या मुळाशी रक्त आलं.

"बाईंच्या हातात न्हाई जायच्या," तो म्हणाला. "पोरीचं माप हाय." आणि त्याची नजर सहज आत्याच्या हातांवर गेली.

आत्यानं हात पदराखाली घेतले.

त्याला काय ठाऊक? आमच्यात, लिंगायतांत, सगळेच भस्म लावतात, सधवा काय आणि विधवा काय. कपाळावर भस्माचे पट्टे, वरून ओढलेला पदर. उघडे हात बघून त्याला वाटलं असेल, बांगड्या वाढल्या असतील, नव्या घ्यायच्या राहिल्या असतील. मी इकडंतिकडं बघू लागले. त्या बायांपैकी कुणाला विचारावं? पण कुणीच मुरूमकडची नव्हती, आणि पुढं वाटेत निजामाचे लोक कुठंही गाडी उघडून बघतात असं त्याच बाया सांगत होत्या. बांगड्या कुणाच्या तरी हातात थेट मुरूमपर्यंत जायला हव्या होत्या.

मी काही बोलणार एवढ्यात आत्या बसली. दोन्ही हात पुढं केले. "भरा," ती म्हणाली. "लेकीच्या हायेत."

बांगडीवाल्यानं भरायला सुरुवात केली. आत्या त्याच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही. लांब रस्त्यावर बैल उभे होते तिकडं बघत होती. बांगड्या तिच्या हातात अशा गेल्या की तेलाचं बोटही लागलं नाही. भीमण्णा पाठ करून उभे राहिले. शेवटची बांगडी गेली तसा बांगडीवाला, हात भरून घेतलेली बाई रीतीप्रमाणं नमस्काराला वाकते म्हणून थांबला, आणि आत्या न बघताच उठून गाडीकडं चालू लागली.

मला संताप आला होता, पण कुणावर करावा ते कळेना. त्या साताऱ्याच्या पोरावर? तो तर बांबू वर करताना आत्याचे हात पाहून ओशाळवाणा हसला.

दोन नाक्यांच्या मधला रस्ता कुणाचाच नाही असं म्हणतात. मला तरी त्यात वेगळं काही दिसलं नाही. तीच माती आणि तीच बाभळ. निजामाचा नाका मात्र पक्क्या इमारतीतला. दारावर उर्दू पाटी. याला करोडगिरी म्हणतात, म्हणजे मालावरची जकात घ्यायची जागा. इथं एवढ्यात महिना बदलला होता. कारकुनानं कागदावर 'खुर्दाद' लिहिलं. इकडचं कचेरीचं कॅलेंडरच निराळं. मी अर्ध्या दिवसात एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात आले होते आणि घाम मात्र तोच होता.

पांढऱ्या दाढीचा एक शिपाई गाडीपाशी आला. त्यानं गाठोडं काठीनं हलवलं, आत्याच्या हातांकडं पाहिलं.

"शादी है क्या अम्मा घर में?"

"व्हय. लेकीची."

"मुबारक." मग त्यानं आजूबाजूला बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नमक है क्या थोडा? घर में बच्चे खाना नै खारे."

जकात घेणारा माणूस आमच्याकडं चोरटं मीठ मागत होता. भीमण्णांनी घोंगडं छातीशी घट्ट धरलं आणि नाही म्हणून मान हलवली. पुढं गेल्यावर त्यांनी घोंगड्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग स्वतःशीच म्हणाले, "एक कोपरा द्याया पायजे हुता."

नळदुर्ग

संध्याकाळी नळदुर्गला पोचलो. लहानपणी इथला किल्ला आणि बोरी नदीवरचा बांध बघायचा मी हट्ट धरायची. पावसाळ्यात पाणी वरून पडतं आणि आतल्या महालात माणूस कोरडा राहतो. आता नदीत डबकी होती आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. रस्त्यात हिरव्या-खाकी कपड्यातले निजामाचे लोक दोन ठिकाणी गाडी थांबवून बघून गेले होते. एकानं माझ्या पिशवीतलं वर्तमानपत्र फाडून टाकलं. दोन्ही वेळा त्यांची नजर आत्याच्या हातांवरून सरळ पुढं गेली. लग्नसराईत हिरव्या हातांची बाई ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट.

भीमण्णांच्या ओळखीच्या एका घरी मुक्काम केला. त्यांच्या ओळखीचा म्हणजे घरधनी. बायकांना आम्ही परक्या. घरातल्या वहिनी हसतमुख आणि बोलक्या. त्यांनी पाट मांडले, भाकरी, वरण, शेंगांची चटणी वाढली आणि आधीच सांगून टाकलं, "मीठ न्हाय बरं का. आळणी ग्वाड मानून घ्या." आमच्या सोलापुरात चटणीत मीठ कमी पडलं तर सासवा सुनेचा उद्धार करतात. इथं सगळं गाव आळणी जेवत होतं आणि कुणाच्याच सुनेला बोल नव्हता. तिखट नुसतं जिभेला लागायचं, पोटात उतरायचं नाही.

भीमण्णांना पान्हा फुटला. "थांबा," म्हणून ते घोंगडं आणायला गोठ्यात गेले, आणि तिथून अशी शिवी ऐकू आली की वहिनींनी पोरांचे कान झाकले. बैलांनी घोंगडं चाटून चाटून मऊ केलं होतं. एक बैल तर कोपरा चघळत डोळे मिटून उभा होता. सगळं वर्षाचं मीठ बैलांच्या पोटात! मी हसत सुटले, वहिनी हसल्या, आणि आत्याही हसली. नाका सोडल्यापासून ती पहिल्यांदा हसली असेल.

ते हसू फार टिकलं नाही. सकाळी वहिनींना पाणी आणायला जायचं होतं म्हणून आत्या म्हणाली, भाकऱ्या मी थापते. मी चुलीपाशी जाळ घालत होते. आत्यानं काठवटीत पीठ मळलं, पहिली थाप मारली आणि सगळा चुडा वाजला. आत्याचा हात तिथंच थांबला. कुणी हाक मारली असं वाटून माणूस थांबतं तसा. पुन्हा एक थाप, पुन्हा तो आवाज. मग तिनं बांगड्या कोपराकडं सरकवून पदराचं टोक त्यांच्यावर घट्ट गुंडाळलं आणि तशी आवाज न करता भाकरी थापली. ती भाकरी एका बाजूला जाड झाली.

निघताना वहिनी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. चैत्र होता, घरी आलेल्या बायांना तसंच कसं पाठवायचं? मला लावलं. मग आत्याकडं वळल्या. मी तोंड उघडलं, पण आत्यानं माझ्या पायावर पाय ठेवला. खरं सांगितलं असतं तर गोष्ट या घरातून बाहेर पडली असती, आणि पुढच्या वाटेवर अजून तपासणी होती. वहिनींनी भस्माच्या पट्ट्याखाली ठसठशीत कुंकू टेकवलं. आत्या दगडासारखी बसून राहिली.

गाव मागं पडल्यावर तिनं भस्माची डबी काढली आणि कुंकवावरून बोटं ओढली. पांढऱ्याखालून लाल दिसतच होतं. मला आत्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी गाडीतून उडी मारून कुठंतरी पळत सुटावंसंही वाटलं.

"आत्या," मी म्हटलं, "तुम्हाला फार त्रास झाला."

"त्रास कशाचा," ती म्हणाली. "पोचल्या म्हंजे झालं. एक बी वाढू द्यायची न्हाय." आणि गाडी दगडावरून गेली की दोन्ही हात अधांतरी धरायची, येणेगूरहून मुरूमच्या वाटेला लागेपर्यंत तशीच.

मुरूम

मुरूमचा बाजार बघून मी गाडीतच उभी राहिले. एकेकाळी माल घेऊन येणाऱ्या गाड्यांनी गजबजलेला हा रस्ता, इथंच लहानपणी मी हरवले होते. आता अडत दुकानांपुढं शेंगांची पोती थप्पीनं पडलेली, कारण ती सोलापूरला जाईनात. आणि किराण्याच्या दुकानांत फळ्या रिकाम्या, कारण तिकडून काही येईना. एकीकडं माल सडतोय, दुसरीकडं माल नाही, आणि मध्ये एक बांबू. शहाणी माणसं असं का करतात, हे मला मुलींना समजावून सांगता येणार नाही.

घरात शिरलो तर मांडवाचे डहाळे आले होते. महादेवी धावत आली, आणि आईचे हात बघून उंबऱ्यातच थांबली. तिच्या जन्मात तिनं ते हात भरलेले पाहिले असतील, पण आठवण्याइतकं तेव्हा तिचं वय नव्हतं.

आत्यानं दोन्ही हात वर करून हसत सांगितलं, "आणल्या बघ! दोनच वाढल्या, त्या बी शांतीच्या पंजात." मग सगळी हकीकत सांगितली. अंमलदार, लिंब, बैलानं खाल्लेलं मीठ. घरात हशा पिकला. फक्त आत्याची थोरली जाऊ, निलव्वा, हसली नाही. लग्नाचं घरचं सगळं तिच्याच हातात होतं.

"गंगा," ती म्हणाली, "ह्यो चुडा पोरीला भरायचा?"

"मग? तिच्याच मापाचा हाय."

"तुझ्या हातातला?"

बास, एवढंच. आत्याचे वर केलेले हात तसेच राहिले आणि मग खाली आले. आणि तेव्हा मला कळलं की आम्ही काय करून बसलो होतो. दोन सरकारांना चकवायच्या नादात, चुडा पोचवायच्या घाईत, तो कुठल्या हातातून पोचतोय याचा आम्ही दोघींनी घरापुरता विचारच केला नव्हता. विधवेच्या हातातला चुडा नवरीला चालत नाही. तो सोलापूरच्या दुकानात राहिला असता काय किंवा नाक्यावर जप्त झाला असता काय, सारखंच.

मी उसळले. "मावशी, आपल्या धर्मात हे नाही. आपल्याकडं बायकांना लिंगदीक्षा आहे, भस्म आहे, सुतक नाही की विटाळ नाही. शरणांनी कधी सांगितलंय असं?"

"पोथीत न्हाय," निलव्वा शांतपणे म्हणाली, "पर मुरुमात हाय."

करारात नाही, पण नाक्यावर आहे. मला तो साताऱ्याचा पोर आठवला. निलव्वा वाईट बाई नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. उद्या पोरीचं काही वाकडं झालं तर लोक काय म्हणतील, या भीतीनं ती बांबू आडवा धरून उभी होती.

आत्या वळली. मागल्या दाराला जाऊन बसली. मी फेऱ्या मारत राहिले. आतलं लुगडंसुद्धा सोडायचं सुचलं नाही.

चुडा भरायला शरीफाबी आली ती दुपार कलल्यावर. शरीफाबी मुरूमची मनियारीण. गावातल्या निम्म्या बायकांचे हात लग्नात तिनंच भरलेले, आत्याचे आणि निलव्वाचेसुद्धा. महिनोन्‌महिने तिची पेटी रिकामी होती. सोलापूरचा माल नाही तर मनियारणीनं करायचं काय? तरी ती रीत म्हणून आली होती, तेलाची वाटी घेऊन. अलीकडं गावात एकमेकांच्या दारात जाताना लोक आधी रस्ता बघत. तीही बघूनच आली असेल. भीमण्णांनी तिला बसायला ते चाटलेलं घोंगडं घातलं.

तिला सगळं सांगितलं. तिनं आत्याला मागल्या दारातून बोलावून आणलं, हात हातात घेतले, बांगड्यांवरून बोटं फिरवली.

"माल अच्छा है," ती म्हणाली. "एक बी तडकी नै. कैसे लाई गे तू इत्ते दूर?"

"आता काय उपयोग," आत्या म्हणाली. "काढून टाक शरीफा. पोरीला पितळेच्या घालू."

तेव्हा महादेवी पुढं आली. अबोल पोर, लग्न ठरल्यापासून तर कुणाशी बोलत नव्हती. ती आईला चिकटून घोंगड्यावर बसली, हात शरीफाबीपुढं धरला आणि निलव्वाकडं बघून म्हणाली, "काकू, मला हाच चुडा भरा. न्हाय तर मोकळ्या हातानं हुबी राहते. आईच्या हातातल्यानं माझं वाईट व्हायचं असंल तर हुंद्या."

निलव्वानं तोंडाला पदर लावला. 'हो' म्हणाली नाही, 'नाही'ही म्हणाली नाही. आमच्याकडं याला परवानगी म्हणतात.

शरीफाबीनं वेळ घालवला नाही. आत्याच्या मुठीला तेल लावलं, बोटांची मुळं चेपून पंजा असा निमुळता केला की हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी, आणि एक बांगडी सोडवली. ती खाली ठेवली नाही. तशीच महादेवीच्या हातात चढवली. मग दुसरी. आईचा हात आणि लेकीचा हात शेजारी शेजारी, एकाच मापाचे, आणि बांगडी एकातून निघायची ती थेट दुसऱ्यात जायची. मी आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ एका जागी बसले असेन. बाया गाणं म्हणायचं विसरून बघत राहिल्या.

शेवटी आत्याच्या दोन्ही हातांत एकेक बांगडी उरली. शरीफाबीनं तेलाची वाटी उचलली आणि पदराला हात पुसले.

"ह्या राहिल्या की," आत्या म्हणाली.

"हौ. राहू दे."

"अगं काढ. मी सवाष्ण हाय का?"

"मेरेकू वो कायकू बोलती? ते तुमच्या जंगमाला सांग." शरीफाबी गुडघ्यावर हात टेकून उठली. "बांगड्या बदलताना हातात एक ठेवायची असती. उघडा हात करून उठायचं मला सासूनं शिकवलं न्हाय, आन आता या वयात मी न्हाय शिकणार."

"जोडी अपुरी पडली पोरीची," निलव्वा हळूच म्हणाली. पण तिचा आवाज नाक्यावरचा नव्हता.

"पडू द्या," महादेवी म्हणाली. ती उठली आणि रीतीप्रमाणं शरीफाबीच्या पाया पडली. आत्याही उठली. मग तीही वाकली, हात भरून घेतलेली बाई वाकते तशी. आम्ही सगळ्या रडत होतो, आणि मला हे लिहायला जरासुद्धा लाज वाटत नाही.

लग्न झालं. आळंदचे लोक आले, आळणी जेवले, गोड मानून गेले. बोहल्यावर महादेवीच्या हातात चुडा वाजत होता आणि तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. पुन्हा दोन नाके, पुन्हा तो बांबू. या वेळी मात्र माझ्याकडं अडवण्यासारखं काही नव्हतं. पहाटे मी निलव्वाशेजारी पडले होते, दोघीही जाग्या. निलव्वा आदल्या दिवशी दोनदा म्हणाली होती, लग्न पार पडलं की गंगानं हातातल्या त्या दोन बांगड्या वाढवून टाकाव्यात. आत्यानं ऐकून घेतलं होतं.

स्वयंपाकघरात काठवटीवर थाप पडली आणि एक बांगडी किणकिणली. नळदुर्गात ती थांबली होती. पुन्हा थाप, पुन्हा बांगडी. मग सारख्या थापा, एकीमागून एक, आणि त्यांच्याबरोबर तो बारीक आवाज. शेजारी निलव्वानं कूस बदलली, पण काही बोलली नाही.

"शांते, ऊठ," आत्यानं आतून हाक मारली. "भीमण्णानं बैल जुंपले. भाकरी बांधून देते, आळणी हाय, सोलापुरात गेल्यावर मीठ लावून खा."